सरांचा दोरा

१९६३ साली, आम्ही नववीत असताना, भूगोलाच्या सरांनी विचारलं, "समजा तुम्ही इंग्रज सरकार आहात. विलायतेहून हिंदुस्थानात एअरशिप, म्हणजे हायड्रोजनच्या जोरावर तरंगणारी हवाई बोट, आणायचीय. तळ कुठे टाकाल?" वर्ग एका सुरात ओरडला, "मुंबई!" सर म्हणाले, "जूनमध्ये उतरवून दाखवा."

सर मूळचे कराचीचे. नारायण जगन्नाथ हायस्कुलात शिकलेले, फाळणीनंतर नाशकात आलेले. त्यांच्या लहानपणी कराची मुंबई इलाख्यातच होती, त्यामुळे 'पाकिस्तानातले सर' म्हटलेलं त्यांना मुळीच खपत नसे. कराचीत पाऊस बेताचा, म्हणून तळ तिथे, असं ते सांगत.

वर्गातल्या पृथ्वीगोलावर त्यांनी लाखेने एक दोरा चिकटवला: इंग्लंडमधलं कार्डिंग्टन, मग इजिप्तमधलं इस्माइलिया, मग कराची. दोन्ही टप्पे जवळजवळ सारखेच, साडेतीन हजार किलोमीटरच्या आतबाहेर. इस्माइलियाला नुसता मनोरा. एअरशिपने नाक त्याला बांधायचं, तेल आणि हायड्रोजन भरून घ्यायचा, निघायचं. कराचीला मनोरा होताच, शिवाय दुरुस्तीसाठी शेड. साडेआठशे फूट लांब! गावातले लोक तिला 'काला छपरा' म्हणत. आपल्या शाळेचं पटांगण तीत किती वेळा मावेल, हे गणित सरांनी आम्हाला घरी करायला दिलं होतं. माझं चुकलं.

खरी मौज पुढच्या तासाला आली. हजार घनफूट हायड्रोजन सुमारे सत्तर पौंड वजन उचलतो. पण हवा तापली की पातळ होते, आणि दर तीन अंशांमागे ही ताकद साधारण एक टक्क्याने घटते. म्हणजे थंड इंग्लंडात जेवढं ओझं घेऊन उठता येतं, तेवढं इस्माइलियाच्या उन्हात उठायचं नाही. उष्ण मुलखात पेट्रोल धोक्याचं म्हणून आर-१०१ या इंग्रजांच्या एअरशिपला डिझेल इंजिनं बसवली, ती आणखी जड. सर फळ्यावर एकेक वजाबाकी करत गेले. प्रवासी उरतात किती ते पाहून मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "सर, त्यापेक्षा बोटीने गेलेलं बरं!" सर इतके हसले की खडू मोडला.

४ ऑक्टोबर १९३०च्या संध्याकाळी आर-१०१ कार्डिंग्टनहून कराचीला निघाली. योजनेमागचे विमानखात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसन स्वतः आत होते. "हा माणूस जन्मला कुठे, ठाऊक आहे? आपल्या नाशकात, १८७५ साली!" हे सांगताना सरांचा चेहरा पाहण्यासारखा असे. पहाटे दोनच्या सुमारास फ्रान्समध्ये बोव्हेजवळ ती टेकडीवर आदळून पेटली. चोपन्नपैकी अठ्ठेचाळीस गेले, थॉमसनही. तिची बहीण आर-१०० त्याच उन्हाळ्यात कॅनडाला जाऊन सुखरूप परतली होती. तीही मग मोडीत काढली. कराचीच्या मनोऱ्याला एकही एअरशिप कधी बांधली गेली नाही. शाळकरी सर मात्र कितीतरी दिवस गच्चीवरून पश्चिमेकडे बघत बसले होते.

पुढे मी एसटीत लागलो. आगार कुठे असावं यावर बैठका होत, तेव्हा नकाशाआधी मी पावसाचे आकडे मागवी. सहकाऱ्यांना तो माझा चक्रमपणा वाटे.

दोरा वर्षभर गोलावरच होता. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हे काय लोंबतंय?"

सर शांतपणे म्हणाले, "इंग्रजांचं आहे, साहेब. सोडवायचं राहून गेलं."