‘ल’ सुटला, रफार अजून कापला जातोय

मंडळी, लिनक्स डेस्कटॉपवर मराठी वळणाची अक्षरं यावीत म्हणून चाललेल्या माझ्या खटपटीतला ‘ल’ सुटला. ‘श’सुद्धा. फाइल मॅनेजर, एडिटर, सेटिंग्ज, क्यूटी या टूलकिटवरचा (टूलकिट म्हणजे ॲपच्या खिडक्या, मेनू, मजकूर काढणारा कोडसंच) चित्रदर्शक, सगळीकडे पाकळीवाला ल आणि देठवाला श दिसतोय, आणि तोही फॉन्टच्या पोटात हात न घालता. मागच्या नोंदीत फॉन्टफोर्ज हा फॉन्ट-संपादक उघडून फॉन्टमधला मूळ ग्लिफच (अक्षराचा साठवलेला आकार) बदलून टाकायचा बेत मांडला होता, तो रद्द.

नव्यांसाठी दोन ओळी. युनिकोडमध्ये ‘ल’ एकच आहे, U+०९३२. मराठी वळण आणि हिंदी वळण हा फरक फॉन्टच्या आत असतो. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात आणि ‘लोकल’ नावाचं ओपनटाइप फीचर मजकुराची भाषा पाहून त्यातला एक उचलतं. भाषा मराठी आहे असं कोणी सांगितलंच नाही, तर फॉन्ट आपला डिफॉल्ट आकार देतो, आणि तो बहुतेक फॉन्टांमध्ये दंडवाला, म्हणजे हिंदी वळणाचा, ल असतो. २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले, पण तो निर्णय डेस्कटॉपला कळवायचा कोणी, हाच सगळा घोळ.

लक्षणं मात्र डोकं फिरवणारी होती. मेनू पूर्ण मराठीत, म्हणजे भाषांतर बरोबर लोड होत होतं. फॉन्टही बरोबर, कुठला फॉन्ट निवडला गेला ते सांगणारा एफसी-मॅच हुकूम नोटो सान्स देवनागरीच दाखवत होता. तरी टर्मिनलमधून एडिटर उघडला की ‘शिल्लक’ मराठी वळणात, आणि तीच फाइल पॅनेलवरून किंवा डबलक्लिकने उघडली की हिंदी वळणात. तोच प्रोग्राम, तीच फाइल, तोच फॉन्ट. क्यूटीची ॲपं कुठूनही उघडा, हट्टाने हिंदी वळणच. ब्राउझरच्या खिडकीचे मेनू ठीक, पण आतल्या पानांपैकी ज्यांच्या एचटीएमएलमध्ये भाषा एमआर (मराठीचा कोड) लिहिलेली होती तेवढीच ठीक.

आधी संशय फॉन्टवर गेला, कारण एका फुकट फॉन्टांच्या साइटवरून उतरवलेली एक सुंदर फाइल मी मध्यंतरी वापरत होतो आणि तिच्यात लोकल टेबलच नव्हतं. दिसायला देखणी, आत रिकामी. तेव्हापासून माझा नियम असा की कुठलाही देवनागरी फॉन्ट डेस्कटॉपवर बसवण्याआधी एचबी-शेपवर (मजकुरासाठी फॉन्टमधून कुठले ग्लिफ निघाले ते छापणारा हुकूम) घासून बघायचा. एकच शब्द दोनदा द्यायचा, एकदा भाषा एमआर आणि एकदा एचआय (हिंदी). ग्लिफची नावं बदलली तर फॉन्टला मराठी येतं, तीच राहिली तर फॉन्ट परत पाठवायचा. हार्फबझ या शेपिंग करणाऱ्या, म्हणजे अक्षरांसाठी ग्लिफ जुळवणाऱ्या, लायब्ररीबरोबर येणारी ही छोटी हत्यारं, एचबी-शेप आणि एचबी-व्ह्यू, माझ्या मते देवनागरी डेस्कटॉपवाल्यांसाठी सगळ्यात कमी वापरली जाणारी आणि सगळ्यात उपयोगी वस्तू आहेत. रंगीत फॉन्ट मॅनेजरांपेक्षा लाखपटीने बरी.

नोटो या परीक्षेत पास झाला. म्हणजे फॉन्ट निर्दोष. मग फॉन्टकॉन्फिगमध्ये मराठीसाठी वेगळा नियम लिहून पाहिला. काही फरक नाही, आणि पडणारही नव्हता, कारण फॉन्टकॉन्फिगचं काम फॉन्ट निवडण्यापुरतं. निवडलेल्या फॉन्टमधून कुठला आकार काढायचा हे शेपिंगच्या वेळी ठरतं, आणि तिथे भाषा टूलकिट सांगतं. या एका गोष्टीचा उलगडा झाल्यावर शोधायची जागा बदलली. प्रश्न ‘कुठला फॉन्ट’ हा नव्हताच, ‘टूलकिटला भाषा कोण सांगतंय’ हा होता.

तर टूलकिटवार उत्तर असं निघालं.

जीटीके (दुसरं टूलकिट, माझा एडिटर यावरचाच) मजकूर मांडायला पँगो या लायब्ररीकडे देतं. पँगो आपली डिफॉल्ट भाषा एलसी_सीटाइप या लोकेल (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगच्या) व्हेरिएबलवरून घेतो. मेनूची भाषा ठरवणाऱ्या एलसी_मेसेजेसवरून नाही! माझ्याकडे एलसी_मेसेजेस मराठी आणि बाकी सगळं इंग्रजी होतं, म्हणून मेनू मराठीत पण डिफॉल्ट भाषा इंग्रजी. आता इंग्रजी देवनागरीत लिहीत नाहीत हे पँगोला कळतं, म्हणून तो या लिपीसाठी दुसरी भाषा शोधतो. आधी पँगो_लँग्वेज हे व्हेरिएबल बघतो, ते नसेल तर लँग्वेज बघतो, आणि दोन्हींत काही हाती लागलं नाही तर लिपीची नमुना भाषा घेतो. देवनागरीची नमुना भाषा त्याच्या कोष्टकात हिंदी आहे. तिथून आला दंडवाला ल.

क्यूटीचं याहून सरळ आहे. माझ्याकडच्या आवृत्तीत तो हार्फबझची डिफॉल्ट भाषा उचलतो, आणि तीही एलसी_सीटाइपवरून येते. लँग्वेज व्हेरिएबलकडे शेपिंगसाठी तो ढुंकूनही बघत नाही. म्हणून क्यूटीची ॲपं कुठूनही उघडली तरी एकसारखी चुकत होती, आणि ती एकसारखी चुकत होती म्हणून मी त्यांना बाजूला ठेवून जीटीकेच्या लहरी वागण्यामागे लागलो होतो. खरं तर क्यूटीनेच उत्तर आधी दिलं होतं.

मग टर्मिनल आणि पॅनेल यांच्यात फरक का? कारण बॅशआरसीमध्ये, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीत, लँग्वेज=एमआर:ईएन अशी ओळ होती. टर्मिनलमधून सुटलेल्या प्रोग्रामला ती वारशात मिळायची, पँगो तिथून मराठी उचलायचा, झालं. पॅनेलवरून सुटणारे प्रोग्राम मात्र सिस्टमडीच्या यूजर मॅनेजरकडून (लॉगइननंतर माझे प्रोग्राम सांभाळणारी सेवा) वातावरण, म्हणजे अशी व्हेरिएबलं, घेतात, आणि तो बॅशआरसी वाचत नाही. पुरावा हवा म्हणून दोन्ही वेळच्या प्रोसेसची प्रॉक फोल्डरमधली एन्व्हायरन फाइल काढून डिफ मारला, म्हणजे दोन्हींतला फरक काढला. कामाची एकच ओळ वेगळी, लँग्वेजची. तो डिफ बघताना जो आनंद झाला तो शब्दांत सांगता यायचा नाही, तुमच्यापैकी निम्म्यांना तो माहीत आहे.

यात एक मेख अशी की टर्मिनलमधूनही कधी कधी हिंदी वळणच यायचं, आणि त्यामुळे सुरुवातीला ही शंकाच मी झटकून टाकली होती. कारण फाइल मॅनेजर एकाच प्रतीत चालतो. तो आधीच मागे चालू असेल तर टर्मिनलमधला नवा हुकूम फक्त त्या जुन्या प्रतीला जागं करतो आणि स्वतः मरतो. खिडकी नवी, वातावरण जुनं. अशा ॲपांवर काहीही तपासायचं असेल तर आधी त्यांना पूर्ण बंद करा, नाहीतर तुम्ही कालच्या सेटिंगची परीक्षा घेत बसाल.

उपाय म्हणून पहिल्यांदा पँगो_लँग्वेज सगळीकडे लावून पाहिलं. जीटीके खूश, क्यूटी जसाच्या तसा. अर्धा उपाय. मग होम फोल्डरमधल्या कॉन्फिगखाली एन्व्हायर्नमेंट.डी मध्ये एक छोटी कॉन्फ फाइल केली आणि त्यात एलसी_सीटाइपला एमआर_आयएन.यूटीएफ-८ दिलं. लॉगआउट, लॉगइन, आणि ‘विशाल शाल शिल्लक’ हे माझं चाचणीचं वाक्य दोन्ही टूलकिटांत एकसारखं! ज्यांच्याकडे यूजर लिंगरिंग चालू आहे त्यांनी नुसत्या लॉगआउटवर विसंबू नये. त्यांचा यूजर मॅनेजर लॉगआउटनंतरही जिवंत राहतो आणि जुनंच वातावरण वाटत बसतो.

आणखी एक खबरदारी. ‘लोकेल -ए’ या हुकमाच्या यादीत एमआर_आयएन आहे ना, हे आधी बघा. ते तयार केलेलं नसेल आणि तुम्ही एलसी_सीटाइपला त्याचं नाव दिलं, तर सेटलोकेल सगळंच नाकारतं, प्रोग्राम सी नावाच्या मूळ इंग्रजी लोकेलवर घसरतो आणि मेनूसकट सगळं इंग्रजी होतं. फ्लॅटपॅकच्या (ॲपं बंदिस्त पेटीत चालवणारी पद्धत) ॲपांत नेमकं हेच झालं, कारण फ्लॅटपॅक रनटाइमच्या भाषांचे फक्त निवडलेले तुकडे उतरवतो आणि माझ्या यादीत मराठी नव्हती. फ्लॅटपॅक कॉन्फिगमध्ये भाषांची यादी ‘ईएन;एमआर’ करून अपडेट चालवलं की तेही मार्गी लागतं.

दूरच्या मशीनवर एसएसएचने जाणाऱ्यांना एक नवा त्रास होईल. बऱ्याच वितरणांत एसएसएच क्लायंट एलसी_ ने सुरू होणारी सगळी व्हेरिएबल पलीकडे पाठवतो. पलीकडच्या सर्व्हरवर मराठी लोकेल नसतं, आणि पर्ल दर हुकमाला लोकेल बसलं नाही म्हणून कुरकुरतो. मी एसएसएचसाठी एलियस करून तिथे एलसी_सीटाइप सी.यूटीएफ-८ ठेवलंय. सुंदर नाही, पण शांतता आहे.

आता मधल्या काळात सुटलेलं एक छोटं दुखणं. ॲप्लिकेशन मेनूतल्या एका नोंदीत ‘अ’च्या पुढे ठिपक्यांचं वर्तुळ आणि त्यावर अर्धचंद्र यायचा. भाषांतर करणाऱ्याने ‘अ’ टाइप करून त्यावर चंद्राची मात्रा लावली होती. ही जोडी हार्फबझ अवैध मानतो आणि मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ घालतो, आणि बरोबर करतो. ॲ हे एकसंध अक्षर U+०९७२ वर युनिकोड ५.१ पासून, म्हणजे २००८ पासून आहे. ती डेस्कटॉप फाइल लोकल शेअर ॲप्लिकेशन्समध्ये उतरवून त्यात खरा ॲ घातला, वर्तुळ गायब. मूळ प्रकल्पाकडेही दुरुस्ती पाठवली आहे. तुमच्याकडे असं वर्तुळ दिसलं तर फॉन्ट बदलत बसू नका, आधी अक्षरांचे कोड बघा.

याच धाग्यात शोधाचा घोटाळाही आहे. ‘दुसऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो. नुक्तावाल्या ऱ ला हलंत देऊन, किंवा साध्या र ला हलंत आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण फाइल मॅनेजरच्या शोधात एक टाइप केलं तर दुसरं सापडत नाही. नॉर्मलायझेशनही (समान अक्षरमाळा एका रूपात आणणं) इथे कामाला येत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या अक्षरमाळा आहेत. मी जुन्या फाइलींची नावं एका पायथन स्क्रिप्टने ऱ कडे वळवली. स्क्रिप्ट हवी असेल त्यांनी सांगा, पण आधी प्रत काढून ठेवा.

राहिला पॅनेलवरचा कापलेला रफार. ‘सर्वीं’सारखा शब्द आला की वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकमेकांवर चढतात आणि वरचा थर पॅनेलच्या कडेत गडप होतो. ल च्या नादात एक धागा हाती लागलाय. माझा अंदाज असा की क्यूटीच्या पॅनेलची उंची मुख्य फॉन्टच्या मापावरून काढली जाते. माझा मुख्य फॉन्ट निव्वळ लॅटिन आहे, देवनागरी त्याच्या मागे फॉलबॅक (मुख्य फॉन्टात अक्षर नसेल तेव्हाचा पर्यायी फॉन्ट) म्हणून येते, आणि फॉलबॅकची उंची त्या हिशोबात धरली जात नसावी. म्हणजे पॅनेल जाड करण्यापेक्षा मुख्य फॉन्टच देवनागरी आणि लॅटिन दोन्ही असलेला घ्यावा. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट डोक्यात आहे. लॅटिन त्यात चांगलं आहे आणि छोट्या आकारातही डोळ्यांना टोचत नाही. अर्थात आधी एचबी-शेपची परीक्षा, मग नेमणूक. जीटीकेवरच्या पॅनेलला हे लागू होईलच असं नाही, कारण पँगो फॉलबॅकची उंची धरतो, तिथे कापाकापी थीमच्या ठरावीक उंचीमुळे असू शकते. थीमची सीएसएस फाइल उघडून बघावी लागेल.

हे लिहिता लिहिताच लॉगइनचा पडदा आठवला. तिथे अजून दंडवाला ल आहे, आणि का ते आता उघड आहे. डिस्प्ले मॅनेजर वेगळ्या यूजरखाली चालतो, माझी एन्व्हायर्नमेंट.डी त्याला दिसतच नाही. मग एलसी_सीटाइप लोकेलसीटीएल या हुकमाने थेट सिस्टमच्या लोकेल.कॉन्फमध्ये का टाकू नये? सॉर्टिंग एलसी_कोलेटवर चालतं, आकडे एलसी_न्यूमेरिकवर, तारखा एलसी_टाइमवर, त्यामुळे स्क्रिप्टांना धक्का लागायचं कारण दिसत नाही. म्हणजे माझी कॉन्फ फाइल काढायची, सिस्टमवर नेमायचं, आणि मशीन पुन्हा सुरू करायचं. लोकेलसीटीएल वापरताना एक लक्षात ठेवा, तो लोकेल.कॉन्फ नव्याने लिहितो. एकटं एलसी_सीटाइप दिलंत तर आधीचं लँग आणि एलसी_मेसेजेस उडू शकतं, म्हणून तिन्ही एकाच हुकमात द्या.

पुढचा क्रम त्यामुळे बदलला. आधी लोकेल.कॉन्फ आणि लॉगइनचा पडदा, मग मुक्त बसवून रफार, आणि थीमची सीएसएस सगळ्यात शेवटी. टर्मिनलचं देवनागरी सध्या सोडून दिलंय. चौकटीत बसणाऱ्या अक्षरांचा तो प्रकार वेगळाच आहे आणि त्यावर लिहायचं तर स्वतंत्र नोंद लागेल. कोणाकडे क्यूटीचा पॅनेल आणि मुक्त ही जोडी आधीच चालू असेल तर ‘सर्वीं’ लिहून स्क्रीनशॉट टाका, माझी एक फेरी वाचेल.