तुम्ही विचारलंत म्हणून : दिसला का वाघ?

कोकणातल्या कोणत्याही वाडीत गेले, की पहिला चहा संपायच्या आत मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "एवढं रानात हिंडता, मग दिसला का वाघ?" येथे वाघ म्हणजे बिबट्या, पट्ट्यांच्या वाघाला लोक 'पट्टेरी' म्हणून वेगळे काढतात. मांसाहारी वन्यप्राणी आणि शिकारी पक्षी काय खातात, कोठे राहतात आणि कशाने मरतात, हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, असे सांगून झाले तरी प्रश्न बदलत नाही. तेव्हा एकदा नीट उत्तर देते. अकरा वर्षांत तीनदा दिसला. त्यांपैकी दोनदा गाडीच्या उजेडात रस्ता ओलांडताना, म्हणजे खरे तर त्याची शेपूटच दिसली. तिसऱ्या वेळेचे शेवटी सांगते. हे उत्तर ऐकून विचारणाऱ्याचा जो हिरमोड होतो तो मला समजतो, पण मी त्याला पाहायला जातच नाही. त्याने मागे टाकलेले उचलायला जाते.

बिबट्या आपली विष्ठा आडरानात लपवून टाकत नाही. दोन पाखाड्या (दगड लावलेल्या पायवाटा) मिळतात त्या जागी, सड्यावर (कातळाच्या माळावर) चढणाऱ्या पाणंदीच्या मधोमध, कधी गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) खिंडारात ती पडलेली असते, कारण शेजारच्या बिबट्याला दिलेली ती वर्दीही असते. ती वाळवून, बारीक चाळणीत धुऊन घेतली की मांसाचा मागमूस उरत नाही. केस, नखे, दात, खुरांचे आणि हाडांचे तुकडे तेवढे राहतात. केस पचत नाही, आणि माझे निम्मे काम या एका गोष्टीवर उभे आहे. केसाच्या पृष्ठभागावरील खवल्यांची नक्षी जिलेटिनच्या पातळ थरावर उठवायची, आतला गाभा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि आधीच ओळख पटवून ठेवलेल्या नमुन्यांशी ताडायचा. भेकर, रानडुक्कर, शेळी आणि कुत्रा यांचे केस असे वेगळे काढता येतात. त्याच विष्ठेत बिबट्याने अंग चाटताना गिळलेले स्वतःचे केसही सापडतात, पत्राखाली सही असावी तसे. तरीही शंका राहिलीच, तर विष्ठेच्या बाहेरच्या थराला चिकटून आलेल्या आतड्याच्या पेशींतून डीएनए काढून प्राणी ठरवावा लागतो. सावकाश चालणारे आणि खर्चाचे हे काम कोकणात जूनपासून जवळजवळ थांबतेच. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात पायवाटेवर काय टिकणार? उघडीप मिळाली तरी शेणकिडे माझ्या आधी पोहोचलेले असतात.

या धुतलेल्या केसांनी वाडीतल्या ठाम मतांना अनेकदा धक्का दिला आहे. 'वाघ शेळ्यांवर जगतो' हे त्यांतले पहिले मत. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात अकोले परिसरात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेला आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत मला फार मोलाचा वाटतो. तेथे बिबट्यांच्या आहारातील सुमारे ८७ टक्के वजन पाळीव किंवा माणसाच्या आसऱ्याने राहणाऱ्या जनावरांचे होते. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के, मांजरांचा १५ टक्के आणि शेळ्यांचा केवळ ११ टक्के निघाला, आणि तोही कुत्र्यांच्या सातपट शेळ्या त्या भागात असताना. ते आकडे घाटावरच्या उसाच्या मुलखातले आहेत, कोकणाला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत, आणि मी लावतही नाही. परंतु त्यामागचे कारण दोन्हीकडे सारखेच आहे. शेळी रात्री गोठ्यात कोंडलेली असते, कुत्रा अंगणात किंवा बाजारातल्या उकिरड्यावर मोकळा असतो. शेळी गेली की पंचनामा होतो, भरपाईचा अर्ज होतो, चार दिवस बोलणे होते. भटका कुत्रा गेला तर कोणी विचारतही नाही. म्हणून गावाच्या आठवणीत बिबट्या शेळ्याच खात असतो.

मात्र विष्ठेत उरलेलेही नेहमी खरे बोलत नाही, आणि हे शिकायला मला दोन वर्षे लागली. शंभर विष्ठांपैकी चाळीसांत उंदराचे केस निघाले, तर आहारात चाळीस टक्के उंदीर असा हिशेब मी आरंभी भाबडेपणाने करीत असे. लहान जनावराच्या अंगावर मांसाच्या मानाने केस जास्त, त्यामुळे किलोभर उंदरांतून जितक्या विष्ठा होतात तितक्या किलोभर रानडुकरातून होत नाहीत. म्हणून आकड्यांना वजनाची दुरुस्ती करावी लागते, आणि ती केली की उंदीर खाली घसरतात व रानडुक्कर वर येते.

पक्ष्यांचा हिशेब आणखी निराळा. घुबड उंदीर सबंध गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांची गोळी तोंडावाटे टाकते. त्या गोळीत अख्खी कवटी मिळते, इतका घुबडाचा पाचक रस सौम्य असतो. दिवसा शिकार करणाऱ्या गरुडांचा आणि ससाण्यांचा पाचक रस फार तीव्र असल्याने हाडे बहुतांशी विरघळून जातात. त्यामुळे किनाऱ्यावरच्या पांढऱ्या पोटाच्या समुद्र गरुडासाठी त्याच्या घरट्याच्या झाडाखाली जाऊन बसावे लागते. ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत त्याचा विणीचा काळ चालतो, एकच घरटे तो वर्षानुवर्षे डागडुजी करून वापरतो, आणि झाडाखाली माशांची हाडे, खवले, कधी समुद्रसापाचे मणके पडलेले सापडतात. जुने रायवळ आंबे आणि उंच सुरू ही त्याची घरट्याची झाडे. यंदा कोणत्या झाडाखाली हाडे पडली नाहीत, एवढे पाहिले तरी कोणता आंबा लाकडासाठी विकला गेला ते मला कळते.

उरलेल्यावरून जाणण्याचे मोल कोणाला पटत नसेल, तर मी गिधाडांकडे बोट दाखवते. म्हसळा-श्रीवर्धनच्या बाजूला नारळाच्या आणि आंब्याच्या झाडांवर त्यांची घरटी अनेकांनी पाहिली आहेत. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. ती कमी होताना सगळ्यांना दिसत होती. का, हे मात्र नुसते पाहून कोणाला सांगता येत नव्हते. झाडे तुटली, ढोरे मिळत नाहीत, कसली तरी साथ आली, अशी कारणे सांगितली जात. पशुवैद्यक संशोधक लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेली गिधाडे उघडून पाहिली, तेव्हा मूत्रपिंडे निकामी झालेली आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचलेला आढळला. गुरांना वेदना कमी करण्यासाठी दिलेले डायक्लोफिनॅक हे त्याचे कारण असल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. शंभर मृत जनावरांपैकी एकापेक्षाही कमी जनावरात ते घातक प्रमाणात असले, तरी एवढा ऱ्हास होण्यास पुरे होते. भारताने २००६ मध्ये गुरांसाठीच्या या औषधावर बंदी घातली आणि मेलोक्सिकॅम हा निर्धोक पर्याय पुढे आला. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या कुप्या तीन मिलिलिटरपर्यंत मर्यादित कराव्या लागल्या. २०२३ मध्ये गुरांसाठीच्या किटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक या तशाच वेदनाशामकांवरही बंदी आली. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, तेव्हा गेलेली गिधाडे परतायला किती काळ लागेल याचा हिशेब कोणालाही करता येईल.

आता राहिलेली तिसरी वेळ. राजापूरकडील एका वाडीत कठडा नसलेल्या विहिरीत रात्री बिबट्या पडला होता. सकाळी मी पोहोचले तेव्हा तो कपारीला पंजे रोवून बसलेला होता, आणि त्याच्या डोक्यावर विहिरीच्या काठाने सबंध वाडी उभी होती. पिंजरा खाली सोडून त्याला वर काढेपर्यंत दोन तास गेले. इतका वेळ, इतक्या जवळून मी बिबट्या पाहिलेला नाही, आणि त्या दोन तासांत तो नर आहे व घाबरलेला आहे यापलीकडे माझ्या वहीत काही आले नाही. "आमच्या शेळ्यांवर टपून होता," असे विहिरीचे मालक प्रत्येक येणाऱ्याला सांगत होते. मधूनच, यंदा साळिंदरांनी माडाची पंधरा रोपे मुळापासून उकरली, ही त्यांची तक्रारही चालू होती.

बिबट्याला दुसऱ्या पिंजऱ्यात घेतल्यावर पहिला पिंजरा धुवायला नेत होते. मी त्यांना थांबवून आत पडलेली विष्ठा पिशवीत भरून घेतली, तेव्हा जमलेली पोरे पोट धरून हसली. आठवड्याभराने ती धुतली. शेळीचा एकही केस त्यात नव्हता. साळिंदराच्या काट्यांचे चार तुकडे निघाले, ते मी कागदात बांधून त्या मालकांना नेऊन दाखवले. त्यांनी ते तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिले आणि विचारले, "मग सोडला कुठं त्याला?"