पानावर करपा नाही

आमच्याकडे बाहेर जेवायला जाणं म्हणजे शेतात जाणं. मार्गशीर्षात गारठा पडला की यावल-रावेरकडे कुणाच्या ना कुणाच्या मळ्यात भरीत असतंच, आणि आमंत्रण ‘या’ एवढंच असतं. हॉटेलात जायचं ते चहा-भजी खायला. हायवेच्या ढाब्यावर शेवभाजी मागवली तरी पोऱ्या एकच विचारतो, तिखट की मध्यम? ‘काय घेणार?’ हा प्रश्न खान्देशात पाहुण्याला कुणी विचारत नाही. ‘अजून किती भाकरी टाकू?’ असं विचारतात, आणि उत्तराची वाट न बघता टाकतात.

यंदाच्या भरिताला मामांनी पुन्हा त्यांची मुंबई काढली. दरवर्षी काढतात. तुरीच्या काड्यांवर वांगी करपत असतात, धुराने सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी, आणि मामा बाजेवर बसून म्हणतात, “या भाच्याने माले दोन दिवसांत तीन ठिकाणी जेवाले नेलं. भूक कुठंच लागलेली नव्हती.”

आम्ही डोंबिवलीच्या एका लग्नाला गेलो होतो. मी कामानिमित्त वर्षातून चार-पाच वेळा मुंबईला जातो आणि नावाजलेल्या ठिकाणांची एक यादी खिशात बाळगून असतो. कुलाब्याचं लिओपोल्ड १८७१ चं, धोबीतलावचं कयानी १९०४ चं, काळबादेवीचं ठाकर भोजनालय १९४५ चं. ही सालं मला पाढ्यांसारखी पाठ आहेत. मामांना म्हटलं, चला, दाखवतो. मामा म्हणाले, “खायचं का पाहायचं?”

पहिलं ठिकाण बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया. १९२३ सालचं इराणी हॉटेल, रंग उडालेल्या भिंती, जुन्या लाकडी खुर्च्या, दुपारच्या जेवणाला ही गर्दी. तिथला बेरी पुलाव प्रसिद्ध. मामांना मांसाहार चालत नाही, म्हणून भाज्यांचा मागवला आणि समजावून सांगताना घोटाळा केला. म्हटलं, बोरांचा पुलाव आहे. जळगावकराला बोरं म्हटलं की मेहरूणची बोरं. मामांचा चेहरा खुलला. पुलाव आला. वर तांबडे, आंबट, ज्वारीच्या दाण्याहून थोडे मोठे असे सुकलेले दाणे पेरलेले. मामांनी पहिला घास तोंडात घेतला आणि फार जपून चावू लागले. जीभ गालात फिरवत होते, डोळे वर. मी विचारलं, काय झालं? हाताने थांब म्हणाले. अख्खा घास गिळल्यावर बोलले, “आठोळी सापडून नाही राह्यली रे.”

ते दाणे इराणातून येतात, त्यात आठोळी कुठली असणार! पण मामांनी शेवटच्या घासापर्यंत भरवसा ठेवला नाही. पुलाव आवडला. त्यापेक्षा आवडलं ते कॅरॅमल कस्टर्ड, कारण त्यात काही लपायला जागाच नव्हती.

संध्याकाळचं ठिकाण मात्र माझी हौस. नाव सांगत नाही. गिरणीच्या आवारातलं, उजेड एवढा कमी की मामांनी आधी विचारलं, लोडशेडिंग इथंही असतं का? इथे प्रत्येक पदार्थाआधी एक पोरगा टेबलाशी उभा राहून त्या पदार्थाची हकीकत सांगायचा. कुठल्या गावचं धान्य, कुठल्या आजीची पद्धत. हकीकत संपेपर्यंत हात लावायचा नाही, असा काही नियम नसावा, पण आम्ही सत्यनारायणाच्या पोथीला बसावं तसे बसून होतो. “काय सांगून राह्यला तो?” मामा दर वेळी मला विचारायचे. मी निम्मं सांगायचो.

मग आलं वांगं. ताटलीच्या मधोमध, सुपारीपेक्षा जरा मोठा गोळा, त्यावर काचेचं झाकण. पोराने झाकण उचललं तसा धूर निघाला आणि शेजारच्या टेबलावर कुणीतरी ‘वाह’ म्हटलं. मामांनी गोळा चाखला. आमचे मामा भरिताच्या बाबतीत हेडमास्तर आहेत. हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचून घ्यायचे, भाजलेलं वांगं त्याच लाकडी भांड्यात कुटायचं, तेलात शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. यातलं काही इकडचं तिकडे झालं तर ते पान सारून ठेवतात. त्यांनी पोराला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात, मास्तर नापास मुलाशी बोलतात तसं विचारलं, “कशावर भाजलं?”

पोरगा भला. आत जाऊन विचारून आला. वांगं भट्टीत भाजलं होतं. धूर नंतर एका छोट्या यंत्रातून, झाकणाखाली सोडला होता.

मामा बराच वेळ गप्प. मग मला म्हणाले, “म्हणजे धूर वरून वाढला?”

बिल त्यांनी पाहिलंच. मी लपवत होतो, पण त्या काळोखातही आकडे दिसले. मामा पैसे रुपयांत मोजत नाहीत. “चार क्विंटल केळी,” एवढंच म्हणाले. गाडीच्या भाड्याविषयी कधी बोलले नाहीत, लग्नातल्या आहेराविषयी नाही, हे चार क्विंटल मात्र अजून दरवर्षी निघतात. माझी बाजू घ्यायची तर गोळ्याची चव वाईट नव्हती. पण हे मी मळ्यात बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी दादरहून गाडी. त्याआधी माटुंगा स्टेशनाला लागून पहिल्या मजल्यावर रामा नायकांचं उडपी आहे, १९४२ पासूनचं, तिथे गेलो. रांग होती, कूपन घेतलं. बसल्यावर समोर केळीचं पान आलं आणि मामा पहिल्यांदा सावरून बसले. मी पाण्याचा पेला उचलेपर्यंत त्यांनी पानावरून आडवा अंगठा फिरवला, पान उचलून उजेडाकडे धरलं, मागची बाजू पाहिली, मधला दांडा चिमटीत दाबला.

“करपा नाही,” म्हणाले. करपा म्हणजे केळीच्या पानांवर पडणारा रोग. मग पान खाली ठेवलं, त्यावर पाणी शिंपडलं आणि वाढप्याकडे पाहून मान हलवली. वाढा आता.

‘काय घेणार?’ कुणी विचारलं नाही. भात आला, सांबार आलं, रसम आलं, भाज्या आल्या. नको म्हणायला हात आडवा केला तर बोटांच्या फटीतून पडलं. मामा इतके जेवले की रसम दुसऱ्यांदा घेताना पट्टा सैल केला. उठताना पान मिटलं, आणि हात धुवायला जाण्याऐवजी ते तिथेच उभे राहिले. टेबलं साफ करणारा माणूस उष्टी पानं ओढून पिंपात टाकत होता. एकामागोमाग एक, पिंप भरत आलेलं.

“हे ढोरायले जातं का?” मामांनी विचारलं.

त्या माणसाला मराठी यायचं नसावं. मी हिंदीत विचारलं. तो हसला आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

मळ्यात आमची जेवणं उरकली की मामी पानं गोळा करतात. मामा स्वतः भारा उचलून गोठ्याकडे नेतात, म्हशी आधीच माना वळवून बघत असतात. परवाही नेला. जाता जाता मला म्हणाले, “त्या माटुंग्याच्या माणसाने काही सांगितलं नाही रे अजून.”