स्टीव्हन्टनच्या विवाह-नोंदवहीत : माझा अनुभव

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकला आमच्या शेजारी राहणाऱ्या आजींच्या माहेरची माणसं पिढ्यानपिढ्या हॅम्पशरच्या खेड्यांत शेतमजुरी करत आली. आपले पूर्वज नेमके कोणत्या गावचे, हे डोळे मिटण्याआधी कळावं अशी त्यांची फार इच्छा. बारीक अक्षर त्यांना आता दिसत नाही, म्हणून शोधाचं काम मी अंगावर घेतलं.

शोध अलीकडून मागे न्यायचा असतो. इंग्लंडमध्ये १ जुलै १८३७ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली. त्यानंतरच्या लग्नाच्या नोंदीत वधूवरांच्या वडिलांचं नाव आणि धंदा असतो, त्यामुळे एक पिढी सहज मागे जाता येतं. त्याआधीच्या लग्नांसाठी मात्र चर्चच्या वह्याच बघाव्या लागतात. गावोगावच्या या वह्या आता विंचेस्टरच्या अभिलेखागारात आहेत. तिथे आधी वाचक-कार्ड काढायचं, सोबत फक्त पेन्सिल न्यायची. मूळ वह्या जपायच्या असल्यामुळे आपल्याला बहुधा त्यांची छायाप्रतच बघायला मिळते.

लग्न सहसा वधूच्या गावच्या चर्चमध्ये लागायचं. वराच्या गावात नोंद सापडली नाही की आसपासची गावं धुंडाळायची. असं करत करत मी स्टीव्हन्टन या गावापर्यंत पोचले.

तिथल्या विवाह-नोंदवहीचा साचा एका कायद्यानं ठरवून दिला होता. त्याआधी गुपचूप लग्नं लागत, आणि मग लग्न झालं होतं की नाही यावरून भांडणं होत. म्हणून लॉर्ड हार्डविक यांनी १७५३ मध्ये कायदा आणला, तो २५ मार्च १७५४ पासून लागू झाला. लग्न चर्चमध्येच व्हायला हवं; आधी तीन रविवार सगळ्यांसमोर त्याची घोषणा व्हायला हवी, नाहीतर परवाना काढायला हवा; आणि वहीत वधू, वर, पाद्री आणि दोन साक्षीदार यांच्या सह्या हव्यात. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या आणि ज्यू लोकांना यातून सूट होती.

सह्यांच्या या अटीमुळेच ही वही मला मोलाची वाटते. शेतमजुराच्या बायकोच्या हातचं दुसरं काही सहसा मागे उरत नाही. ना पत्र, ना मृत्युपत्र. इथे मात्र तिचा हात दिसतो. आजींच्या घराण्यातली म्हणून जी नोंद मला सापडली, तिच्यात सहीच्या जागी वराची फुली ठसठशीत, एका दमात मारलेली. वधूची पहिली रेघ थरथरत खाली गेलेली, दुसरी तिला जेमतेम छेदणारी, टोकाशी शाईचा ठिपका. बाजूला पाद्रीबाबांच्या सुवाच्य अक्षरात ‘हिची निशाणी’. आपल्याकडच्या जुन्या खरेदीखतावर ‘निशाणी डावा अंगठा’ लिहिलेलं असतं, तसंच. नोंदींच्या सूचीत ही फुली येत नाही, तिथे फक्त नाव आणि तारीख. म्हणून सूचीवर थांबू नका, पान बघाच. आडनावाचं स्पेलिंगही पाद्रीबाबांच्या कानावर पडेल तसं बदलतं. आणि एकच साक्षीदार पानोपानी दिसला तर तो नातेवाईक नव्हे, बहुधा चर्चचा कारकून.

स्टीव्हन्टनचे पाद्री १७६१ पासून जॉर्ज ऑस्टेन होते, म्हणजे लेखिका जेन ऑस्टेन यांचे वडील. वहीच्या सुरुवातीला नोंद कशी भरावी याचा छापील नमुना आहे. त्यातल्या रिकाम्या जागा जेननं लहान वयात स्वतःच्या लग्नांनी भरून टाकल्या! घोषणेत वर लंडनचे हेन्री फ्रेडरिक हॉवर्ड फिट्झविल्यम, लग्नात लिव्हरपूलचे एडमंड आर्थर विल्यम मॉर्टिमर, आणि सह्यांच्या जागी साधा जॅक स्मिथ. झोकदार नावांवरून थेट जॅक स्मिथवर येणारी ही पोर मला फार आवडली. पुढे ११ डिसेंबर १७९२ ला तिची मावसबहीण जेन कूपर हिचं लग्न याच गावात कॅप्टन थॉमस विल्यम्स यांच्याशी लागलं, तेव्हा जेन ऑस्टेन आणि तिची बहीण कॅसँड्रा खऱ्याखुऱ्या साक्षीदार होत्या. जेन ऑस्टेनच्या सतराव्या वाढदिवसाला तेव्हा पाच दिवस उरले होते. तिनं स्वतः कधी लग्न केलं नाही.

१७५४ च्या मागे गेलं की नोंदी त्रोटक होतात. दोन नावं आणि तारीख, बस. १७५२ पूर्वी तर नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे वहीतला फेब्रुवारी १७४० म्हणजे आपला १७४१.

आजींनी विचारलं, “त्या वधूच्या आईचं नाव काय होतं?” लग्नाच्या नोंदीत आईचं नाव यायला इंग्लंडमध्ये मे २०२१ उजाडावा लागला. ते बाप्तिस्म्याच्या वहीत शोधावं लागेल. वधूचा जन्म शेजारच्या डीन गावातला असावा असं दिसतंय, तेव्हा आता डीनची वही मागवली आहे.