आमची वाटचाल : 501 रुपयांच्या हँडसेटपासून विहिरीवरच्या स्टार्टरपर्यंत

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्यात मोबाइलचं दुकान टाकलं ते 2003 साली. त्याच पावसाळ्यात रिलायन्सची योजना आली. आधी 501 रुपये, बाकीचे दरमहा, आणि सीडीएमए (जीएसएमहून वेगळ्या तंत्राचा) हँडसेट हातात. आवाज स्वच्छ, कॉल स्वस्त. पण हँडसेट त्या एकाच कंपनीला बांधलेला; रेंज नसली तर दुसरं सिम टाकायची सोय नाही. म्हणून गिऱ्हाइकाला आम्ही आधी विचारायचो, फोन गावात लागणार की मळ्यात? मळ्यात लागणार असेल तर हँडसेट महाग पडला तरी जीएसएमच (सिम बदलता येणारा) घ्या, असं सांगायचो.

पुढे हँडसेटची दुकानं गल्लोगल्ली झाली आणि आम्ही मोबाइल स्टार्टरकडे, म्हणजे कॉलवर विहिरीची मोटर चालू-बंद करणाऱ्या सिमवाल्या पेटीकडे वळलो. आमच्याकडे केळी, आणि शेतीची थ्री फेज लाइट बऱ्याचदा रात्रीची. अंधारात साप-विंचवातून विहिरीवर जाण्यापेक्षा घरून कॉल केला की मोटर सुरू, हे शेतकऱ्याला लगेच पटलं.

या कामाला 2जी पुरतं. मोटर चालू-बंद करायला कॉल किंवा एसएमएस बस्स, आणि पेटीत सिम बसतं ते मॉड्यूलही स्वस्त. पण 2016 साली जिओ आलं ते नुसतं 4जी घेऊन, त्याचं सिम जुन्या पेटीत चालत नाही. 4जी मॉड्यूल महाग. शिवाय 4जी सगळं सारखं नसतं, ते वेगवेगळ्या लहरींवर चालतं : 850 मेगाहर्ट्‌झची लहर दूरवर जाते, 2300 ची लवकर थकते. गावात चारही काड्या दाखवणारं सिम तापीकाठच्या मळ्यात मुकं होतं ते बऱ्याचदा यामुळेच.

त्यात केळीची पानं. लागवडीच्या वेळी उत्तम असलेली रेंज बाग डोक्याच्या वर गेली की पडते, पानं ओली असली तर जास्तच. लोखंडी पेटीच्या आत अँटेना ठेवणं तर पैसे पाण्यात घालणं. आम्ही ती पाइपावर, पानांच्या वर नेतो. हा खर्च फार नाही, पण नेटवर्क बदलण्याआधी तो करावाच, असं आमचं ठाम मत आहे.

रिचार्जचीही अडचण होती. स्टार्टरला डेटा लागत नाही, तरी डेटासकट पॅक मारावा लागायचा. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) नियम बदलला आणि नुसत्या कॉल-एसएमएसचे पॅक आले. आमच्या शेतकऱ्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

सध्या जुन्या 2जी पेट्यांत 4जी मॉड्यूल बसवून देतो. पेटी, कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच), वायरिंग तेच राहतं. पैसे पडतात ते मॉड्यूलचे. सिम मात्र विहिरीवर उभं राहून तपासल्याशिवाय आम्ही कुठलंच सुचवत नाही.