तुम्ही विचारलंत म्हणून: पगार, सेवा आणि मूठभर वाळू

"देवासाठी काम करता म्हणता, मग पगार कशाला घेता?" हा प्रश्न मला बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्यात, चहाच्या वेळी चेष्टेने विचारला जातो, आणि आमच्या चर्चच्या मंडळीत तोच गंभीर चेहऱ्याने येतो: एवढी आस्था होती तर पाळकाचे शिक्षण का घेतले नाही? आजवर दोन्हीकडे हसून वेळ मारून नेली. आता एकदाचे लिहितो.

पगार घेतो, कारण त्यावर घर चालते. बायबलमधला प्रेषित पौल तंबू करून पोट भरत असे आणि येशूला त्याच्या गावचे लोक सुतार म्हणून ओळखत. तेव्हा वेदीजवळची तेवढी सेवा आणि भट्टीजवळची मजुरी, ही वाटणी कोणी केली हे मला कधीच उमगले नाही. एवढे उत्तर पुरायला हवे होते. ते पुरत नाही, हे मला एका पावसाळ्यापासून ठाऊक आहे.

मी तेव्हा तपासणीला होतो. पंपाच्या हाउसिंगचा, म्हणजे बाहेरच्या कवचाचा, लॉट होता. मशिनिंगला लावलेल्या पहिल्या दोन नगांवर टाचणीच्या डोक्याएवढी, आतून गुळगुळीत आणि चकाकणारी छिद्रे उघडी पडली. ब्लोहोल. साच्याच्या वाळूत पाणी जास्त झाले की वितळलेले लोखंड आत शिरताच त्याची वाफ होते, आणि बाहेर पडायला वाट न मिळाल्यास ती धातूतच अडकते. पुट्टी भरून रंग मारा, कोणाला दिसते, असे वरून सांगण्यात आले. मी ऐकले नाही. सगळ्या 64 नगांवर लाल खूण केली. त्या रात्री प्रार्थना करताना देवाचे आभार कमी आणि स्वतःचे कौतुकच जास्त चालले होते, हे लपवीत नाही.

आठवड्याच्या आत त्या पाळीच्या मोल्डरला, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्याला, काढून टाकले. ठेक्यावरचा पोरगा, खानापूरकडून पहिल्या बसने येणारा. हिशेब घेऊन निघताना तो गेटपाशी थांबला आणि एवढेच म्हणाला, "मामा, सकाळी तुम्ही वाळू हातात घेतलासा की."

घेतली होती. पाळी सुरू होताना ढिगाजवळून जाता जाता सवयीने मूठभर वाळू दाबून पाहिली होती. चांगली वाळू मुठीचा आकार धरते, मोडली तर स्वच्छ मोडते आणि तळहाताला फारशी लागत नाही. त्या सकाळी ती बोटांना चिकटली, आणि मी हात पँटला पुसून पुढे गेलो, कारण वाळू माझ्या विभागात येत नव्हती आणि आदल्याच आठवड्यात 'आपल्या टेबलाशी राहा' असे मला सुनावले गेले होते.

त्याच टेबलावर मी बायबलमधील कलस्सैकरांस पत्रातील 3:23 हे वचन चिकटवले होते: जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून मनापासून करा. त्याच्या लगेच आधीचे वचन दासांना उद्देशून आहे, हे मी शंभरदा वाचूनही नजरेआड केले होते. ज्यांना काम नाकारण्याची सोयच नव्हती त्यांना सांगितलेले शब्द मी कायम नोकरीच्या ऐटीत मिरवीत होतो.

तेव्हाचा मी अजूनही वाद घालतो: मग सदोष माल पाठवायचा होता का? नव्हता. उद्या तसाच लॉट आला तर पुन्हा लाल खूणच करीन, आणि त्याबद्दल कोणी मला सोवळा म्हणाले तरी हरकत नाही. त्या पोराला परत घ्यावे म्हणून मी एकदा शब्द टाकला, एकदाच. दुसऱ्यांदा टाकला नाही, कारण पहिल्या वेळी मिळालेले उत्तर मला सोयीचे होते.

हल्ली सकाळी वाळू हाताला चिकटली तर मी तिथल्या तिथे बोलतो, आणि 'तुमचे काय काम इथे' हे ऐकून घेतो. त्याने त्या पोराचे काही भरून आले असे नाही.

त्या महिन्याचा माझा पगार एक रुपयाही न कापता पूर्ण जमा झाला होता. पगार कशाला घेता, असे तुम्ही विचारता तेव्हा मला तोच महिना आठवतो, आणि मी हसून चहाचा कप उचलतो.