तीन रुपये दहा आणे

सोसायटीच्या खजिनदार काकांचा फोन आला तो शनिवारी सकाळी, दुसरा चहा हातात असताना. "अगं, मुलाने नवा कॉम्प्युटर आणलाय. भारी पळतो. फक्त पावत्या निघत नाहीत."

फक्त!

पावत्यांचा तो प्रोग्राम माझा. २०१२ साली, नोकरीत नवी होते तेव्हा हौसेने लिहून दिलेला. चोवीस फ्लॅट, मेंटेनन्स, पार्किंग, पाण्याचा टँकर, आणि मराठीत नावासकट पावती. लिहिला पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत, तोही तिच्या २.७ या आवृत्तीत. खरं तर पायथन ३ ही नवी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्येच येऊन बसली होती, पण आमच्यात तिला कुणी विचारत नव्हतं. कामाच्या लायब्रऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार प्रोग्राम, जुन्यात, शिकवणारे जुन्यातले. २.७ ची देखभाल २०१५ ला थांबणार असं ठरलं होतं, मग तिला २०२० पर्यंत मुदतवाढ मिळाली. मुदतवाढ मिळाली की माणूस काय करतो, हे प्राप्तिकराचं रिटर्न भरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. मीही तेच केलं.

नव्या मशीनवर काकांच्या मुलाने पायथन ३.१२ टाकलं होतं. प्रोग्राम पहिल्याच पायरीला आडवा झाला. तक्रार काय, तर 'प्रिंट'ला कंस नाही. पूर्वी नुसतं प्रिंट म्हटलं की पुढे जे असेल ते छापलं जायचं. तीनमध्ये छापायचा मजकूर कंसात घालून द्यावा लागतो. बरं, असे बेकंस प्रिंट किती आहेत ते एकदम सांगेल तर शपथ. एक दुरुस्त करावा, मग पुढचा दाखवणार. एका कागदाची झेरॉक्स नेली की दुसरा मागणाऱ्या खिडकीची आठवण झाली.

पळवाट होती. एकाच मशीनवर दोन आवृत्त्या गुण्यागोविंदाने नांदतात, प्रत्येकीला वेगळी चूल मांडून देता येते. ऑफिसात आम्ही दुसरं काय करतो? पण इथे सासू, म्हणजे २.७, केव्हाच निवर्तलेली. तिच्यासाठी चूल मांडून ती रोज पेटवायला काकांना शिकवायचं, त्यापेक्षा कंस बरे.

कंस झाले. मग पीडीएफ करणारी जुनी लायब्ररी अडली. ती 'मॅपिंग' नावाची वस्तू 'कलेक्शन्स' या घरात शोधत होती. त्या वस्तूने घर बदललं २०१२ मध्ये, पायथन ३.३ ला. पण पुढची नऊ वर्षं जुन्या पत्त्यावर गेलं तरी ती मिळायची. २०२१ ला ३.१० आलं आणि ती सोय बंद झाली. काका पोस्टातून निवृत्त झालेले. मी चिडून हे सांगत होते, तर ते शांतपणे म्हणाले, "नऊ वर्षं रीडायरेक्ट केलं? आम्ही इतकं नसतं केलं."

मग त्यांना वेगळीच शंका आली. "मुलाच्या ऑफिसात ३.९ आहे म्हणे. मग ते नवं की आपलं हे ३.१२?"

शंका रास्त होती. शाळेत आपण सगळे ३.९ हे ३.१२ पेक्षा मोठं म्हणून शिकलो. इथे तो टिंब दशांश नाही, नऊनंतर दहा, मग अकरा, बारा. यात मोठमोठे फसतात. सेटिंगच्या फाइलमध्ये अवतरणचिन्हांशिवाय ३.१० लिहिलं, तर शेवटचं शून्य निरर्थक समजून मशीन ३.१ वाचतं आणि २००९ सालची आवृत्ती शोधायला निघतं. हे समजावून सांगायला मी कागद ओढला, तोवर काका म्हणाले, "म्हणजे रुपये-आणे. तीन रुपये नऊ आण्यांनंतर तीन रुपये दहा आणे. त्यात काय एवढं?"

मी पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांत मला कुणी हे इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

"मग ३.१५ नंतर थेट चार येणार?" त्यांनी विचारलं. तसा काही करार झालेला नाही, म्हटलं.

पुढची अडचण मराठी नावांची. पायथन २ ला 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली की उत्तर यायचं १५, कारण ते अक्षरं नाही, ती साठवायला लागणारे बाइट मोजायचं आणि देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. पायथन ३ ला विचारलं तर ५: म, र, काना, ठ, वेलांटी. पहिलीतल्या पोराला विचारा, तो म्हणेल तीन. पावतीवरचे रकाने सरळ यावेत म्हणून मी त्या वेळी जागोजागी डीकोड-एनकोडचे, म्हणजे बाइटची अक्षरं आणि अक्षरांचे बाइट करण्याचे, अंगारे-धुपारे करून ठेवले होते. नव्याला ते नकोच असतात, उलट ते दिसले की ते अडून बसतं. सगळे उतरवले. हे मात्र करताना बरं वाटलं.

दुपारी अडीचला पावती निघाली. चाचणीला टँकर हजार रुपयांचा धरला होता. पाणी, फ्लॅट क्रमांक १: रुपये ४१.६६६६६६६६६६६६६६४.

काकांनी चष्मा वर सरकवला. "हे एवढे पैसे सुट्टे कोण देणार?"

इथे काही तुटलेलं नव्हतं, म्हणून तर धोका. पायथन २ पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक गुपचूप गिळायचं. ४१ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. तीन खरा भागाकार करतं. भागाकाराची तिरकी रेघ तीच, अर्थ बदललेला. एररही येत नाही.

काका म्हणाले, एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. आण्याचे सव्वासहा नवे पैसे व्हायला हवेत, मिळायचे सहा. चार आण्यांना मात्र बरोबर पंचवीस. मग ही मुलं एकेक आणा मोडायची नाहीत, चार साठवून न्यायची.

मी मनात हिशेब करत होते. एक्केचाळीस गुणिले चोवीस, नऊशे चौऱ्याऐंशी. "काका, हजाराच्या टँकरमागे सोळा रुपये कमी जमा होत असणार. पहिल्यापासून."

ते उठले, कपाटातून लांबट वही काढून पुढ्यात ठेवली. पानापानावर, निळ्या शाईत, आखलेला रकाना: टँकर तूट. १६. १६. दर वाढल्यावर वेगळे आकडे.

"मला वाटलं तू मुद्दाम सोडतेस," ते म्हणाले, "सुट्ट्यांची कटकट नको म्हणून. किरकोळ खर्चात टाकत आलो."

"मग आता दुरुस्त करू?"

त्यांनी वहीची उरलेली पानं चाळली. बरीच कोरी होती, सगळ्यांवर रकाना आखून ठेवलेला.

"राहू दे तसंच."

मी तिरक्या रेघेपुढे आणखी एक तिरकी रेघ टाकली. पावतीवर ४१ आले.